पाटी घेतली, पंप राहिला

हाडांच्या दवाखान्यात शिंपीकाका सुजलेला अंगठा धरून बसले होते. शेजारी पायाला प्लास्टर घातलेला तरुण आणि कालच माहेरी आलेली त्याची थोरली बहीण.

“ताई, एकट्याने सायकलवर फिरलं की माणूस खूप शिकतो.”

“काय शिकलास?”

“हवेचा पंप बरोबर न्यावा.”

“घरी का ठेवलास?”

“वजन कमी करायचं होतं. टूथब्रशचा दांडासुद्धा कापला.”

“आणि ‘मी पोचलो’ लिहिलेली ती लाकडी पाटी?”

“मग शिखरावर फोटो कसा काढणार?”

“गाठलंस शिखर?”

“टेम्पोवाल्याने लांबून दाखवलं.”

“पाय तरी सायकलवरून पडून मोडला ना?”

“टेम्पोतून उतरताना.”

“धन्य आहेस!”

शिंपीकाकांचा नंबर पुकारला गेला. त्यांनी तो मागच्याला देऊन टाकला.

“ताई, पुढच्या महिन्यात पुन्हा जातो. आईला तेवढं पटव ना.”

“काय सांगू? चिरंजीवांनी मोठे दिवे लावले?”

“सांग, तो आता एकटा सगळं निभावतो.”

तेवढ्यात नर्सबाईंनी दार उघडलं. “चला, प्लास्टर कापायचंय. पेशंटने एकट्यानेच आत यायचं.”

तरुणाने बहिणीचं मनगट घट्ट धरलं. “ताई, ते यंत्र फार आवाज करतं का गं? तूही चल ना.”

“जा बाळा. आईला काय सांगायचं, ते मी इथे बसून ठरवते.”