लँगफर्डांची विहीण

बसा मंडळी, बसा. म्हातारी उठली म्हणून तुम्ही उठायचं कारण नाही. मी मात्र उभ्यानंच बोलणार. बसले की मला रडू येतं, आणि मला इथं रडायचं नाहीये.

एवढ्या बर्फातून गाड्या काढून आलात, बरं वाटलं. कुसुम असती तर म्हणाली असती, "आक्का, एवढी माणसं मी असताना या घरात कधी आली नाहीत गं." मी टोमणा मारत नाहीये. म्हणजे मारतेच आहे, पण सगळ्यांना सारखा. मलाही धरून.

मला भाषण येत नाही. शाळा चौथीत सुटली. मघाशी या बेसमेंटच्या जिन्यात रवीनं मला थांबवलं. म्हणाला, "आक्का, दोन शब्द बोला. फक्त शैलाचा विषय नको." मी म्हटलं, "बघते." आता बघितलं, रवी. तुझ्या आईबद्दल बोलायचं आणि शैलाबद्दल नाही, हे मला जमणार नाही. तुला राग आला तर उद्या घरी ये आणि भांड. चहा देईन.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. शैला म्हणजे रवीची थोरली बहीण. नागपूरहून इथं शिकायला आली आणि इथल्याच एका मुलाशी लग्न करून बसली. मुलाचं आडनाव लँगफर्ड. नागपूरला कळलं तेव्हा वडिलांनी तिच्या नावानं अंघोळ केली. इथल्या पोरांना हे समजायचं नाही. मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी, डोक्यावरून पाणी घेऊन. माणूस जिवंत असतो, घरापुरता संपतो. घरातल्या सगळ्यांना करायला लावली. रवीला लावली. कुसुमला लावली.

पुढे वडील गेले. रवी इथं आला, नोकरी लागली, घर घेतलं, आईला आणलं. शैलाला शोधलं नाही. वडिलांना शब्द दिला होता म्हणे. आणि शोधणार तरी कुठं? तिचा पत्ता नाही, नवऱ्याचं पाळण्यातलं नाव ठाऊक नाही. घरात कुणी विचारलंच नव्हतं. आडनाव तेवढं कानावर पडलेलं. लँगफर्ड.

कुसुम मला भेटली ती रस्त्यावर. तुम्हाला ठाऊक आहेत इथले रस्ते. दुपारी चिटपाखरू नसतं. मुलगा कामावर, सून कामावर, नातवंडं शाळेत. टीव्हीवर गोऱ्या बायका रडत असतात, का रडतात ते आपल्याला कळत नाही. मी पाय मोकळे करायला निघाले होते आणि लांबून एक हिरवं लुगडं येताना दिसलं. आपल्या या पिस्कॅटवे गावात हिरवं लुगडं! मी रस्ता ओलांडून पळाले. एका गाडीवाल्यानं मला शिवी दिली. इंग्रजीत होती, लागली नाही.

"कुठल्या तुम्ही?"

"नागपूरच्या. तुम्ही?"

"आम्ही नांदूरकर, नाशकाकडच्या. चला, चहा घेऊ."

एवढ्यावर आमचं जमलं. रोज सकाळी घर रिकामं झालं की ती माझ्याकडे. आठवडाभरात तिनं मला शैलाचं सांगितलं, आणि अंघोळीचंही सांगितलं. हे मी पहिल्यांदाच चारचौघांत बोलतेय. रवी, तूही नीट ऐक.

ती म्हणाली, "आक्का, त्या दिवशी मी मोरीत गेले. बादलीभर पाणी होतं. मी खांद्यावरून घेतलं. डोक्यावरून नाही घेतलं."

मी म्हटलं, "मग? कुणाला कळलं नाही?"

"ओला पदर डोक्यावरून ओढून बाहेर आले. केस कोरडे होते."

बस्. एवढंच. सगळ्या घराला शैला मेली. हिला मेली नाही.

आता आम्हा दोघींचं डोकं कसं चाललं ते सांगते, हसायचं तर हसा. मी म्हटलं, "कुसुम, एवढं काय अवघड आहे? आडनाव ठाऊक आहे ना? नांदूरला जाऊन कुठल्याही नांदूरकराला विचार, माझा चुलतदीर कुठे असतो, घराला तो मेल्यासारखा असला तरी समोरचा पत्ता सांगेल. भाऊबंदकी म्हणजे काय? भांडतात, पण खबर ठेवतात. तसं एका लँगफर्डाला निरोप दिला की सगळ्या लँगफर्डांत फिरेल."

तिला पटलं. मलाही पटलं होतं. मी काही तिला बनवत नव्हते.

आमच्या सुनेनं, उषानं, फोनच्या जाड पुस्तकात लँगफर्ड शोधून लाल पेन्सिलीनं खुणा करून दिल्या. पानभर निघाले. उषा म्हणाली, "आई, अहो हे एकमेकांचे कुणी नाहीत. इथं असं नसतं." मी म्हटलं, "तुला काय कळतं, तू वाढलीस मुंबईच्या चाळीत." तरी बिचारीनं कुसुमला वाक्य घोटून दिलं. "प्लीज टेल शैला, मदर इज हिअर." आणि पुढं फोन नंबर. नंबर माझ्या घरचा देऊ म्हटलं, तर कुसुम अडून बसली. "लेकीनं फोन करायचा तर माहेरी करेल. शेजारी कशाला? रवीच्या घरचा दे."

रवी, तुला आता कळतंय ना? तुझ्या स्वयंपाकघरातल्या फोनचा नंबर, पोरा.

सकाळी आम्ही माझ्या घरून फोन लावायचो. कुणी उचलला की कुसुम लगेच बोलायची नाही. गप्प. डोळे मिटून गप्प. पलीकडून "हॅलो? हॅलो?" चालायचं. मी खुणा करायची, बोल गं, बोल. ती हात वर करून मला थांबवायची. म्हणायची, "हॅलो म्हणण्यावरून कळेल मला. आधी ऐकू दे." ऐकून झालं की मान हलवायची. ही नव्हे. आणि मग घोटलेलं वाक्य म्हणायची. कुणी फोन आपटायचे. कुणी ओरडायचे. एक जण पोलिसांना सांगते म्हणाली, असं उषा म्हणते. दुपारी जेवायला बोलावलं तर थांबायची नाही. घरी जाऊन त्या फोनपाशी खुर्ची टाकून बसायची. मला ती दुपार नको वाटायची. माझ्याकडे तर वाट बघायलाही कुणी नव्हतं.

मग उषाला नकाशात लँगफर्ड नावाचं गावच सापडलं. पेनसिल्व्हेनियात. आमच्याकडे गावावरून माणसाचं आडनाव पडतं, इथं उलटं, माणसावरून गावाचं. पण आम्ही म्हटलं, कसं का पडेना, मूळ गाव सापडलं. तिथं कुणीतरी थोरला असेल. उषाला रविवारी गाडी काढायला लावली. कुसुमनं ओटीचं सामान घेतलं. साडी, खण, नारळ, हळदकुंकू. लेकीच्या सासरच्या गावात रिकाम्या हातानं कसं जायचं?

गाव आलं ते आधी आभाळात आलं. पाण्याची एक भलीमोठी टाकी, लोखंडी पायांवर उभी, आणि त्यावर ही एवढाली अक्षरं. लँगफर्ड. मग बँकेवर लँगफर्ड. शाळेवर लँगफर्ड. ओढ्यावरच्या पुलावर लँगफर्ड. कुसुमनं पदर सारखा केला. मला म्हणाली, "बाई, मोठं घराणं दिसतंय."

पेट्रोल भरणाऱ्याला उषानं विचारलं. तो हसला. म्हणाला, इथं त्या नावाचं कुणीच नाही. ज्यांनी गाव वसवलं ते केव्हाच गेले. आहेत ते टेकडीवर, दगडाखाली.

टेकडीवरही गेलो आम्ही. गवत माजलेलं, वारा सुटलेला, आणि एकाला लागून एक लँगफर्ड झोपलेले. बापे, बाया, तान्ही पोरं. पाणी घालायला कुणी नाही. कुसुम बराच वेळ उभी होती. म्हणाली, "आक्का, नाव सगळीकडे आहे गं. माणूस कुठं आहे?"

मी म्हटलं, "चल, थंडी वाजते." नारळ परत आणला. दुसऱ्या दिवशी चटणी केली.

तिथं मी तरी हात टेकले होते. कुसुमनं नाही टेकले. पुन्हा फोन. आणि एक दिवस पलीकडच्या माणसानं फोन आपटला नाही. म्हातारा आवाज होता. कुसुमचं वाक्य संपलं, आणि तो बोलायला लागला. ती मराठीत, तो इंग्रजीत. काय बोलले देव जाणे. फोन ठेवून मला म्हणते कशी, "चांगले आहेत. शैलाचे चुलतसासरे असतील." आणि मग मी काय बघितलं, माहितेय? तिचा पदर डोक्यावर होता. फोनवर! व्याह्यांशी बोलताना पदर घ्यायचा म्हणून.

तेव्हापासून दर रविवारी व्याह्यांना फोन. दिवाळीला व्याह्यांना फराळ. उषा डबा घेऊन गेली, जवळच राहतात ते, एकटेच. बायको गेलेली, मूलबाळ नाही. उषानं त्यांना सगळं समजावून सांगितलं, की या बाई तुम्हाला नातेवाईक समजतात, माफ करा. ते म्हणाले, "मला ठाऊक आहे. तिला सांगू नका." डबा परत आला तो सफरचंदं भरून. रिकामा डबा परत करू नये हे त्यांना कुणी शिकवलं?

मी गप्प राहणारी बाई नाही. मी कुसुमला सांगूनच टाकलं. "अगं, तो त्यांच्यातला नाही. त्याचा शैलाशी काही संबंध नाही."

ती सफरचंद चिरत होती. म्हणाली, "नसू दे. शैलाच्या दारावर हेच नाव आहे ना? मग मी त्या नावाची विहीण झाले."

मंगळवारी दुपारी ती गेली. डॉक्टर म्हणतात हार्ट. घरात कुणी नव्हतं. खुर्चीतच गेली, त्याच फोनपाशी. रवीला वाटतं आई तिथं उन्हाला बसायची. ऊन नाही रे त्या कोपऱ्यात. जाऊन बघ.

व्याह्यांना मीच फोन केला. उषा ऑफिसात होती. मला इंग्रजी येत नाही. मी म्हटलं, "कुसुम फिनिश." पलीकडे काही आवाज आला नाही. मीही ठेवला नाही. दोघं तसेच धरून बसलो.

मागे वळून बघा. शेवटच्या खुर्चीवर, दाराजवळ, मांडीवर टोपी घेऊन बसलेत ते लँगफर्ड. नाव घेतलं की मान वर करतात, बघा. बाकी एक शब्द कळत नसेल, तरी बसलेत. आपल्यातले कितीजण त्यांना रवीच्या ऑफिसातले समजले? उठून खुर्ची पुढे द्या कुणीतरी. व्याही आहेत, दाराशी बसवू नका. एवढ्या लँगफर्डांना हाका मारल्या, हा एक आला. चुकीचा आला, पण आला.

आणि त्यांनी उषाला आत्ता काय सांगितलं ते सांगते, म्हणजे माझं झालं. हिवाळाभर ते लँगफर्डांना फोन करतायत. आपल्या राज्यातले, बाहेरचे, दिसेल त्या लँगफर्डाला. कुसुमचाच निरोप, तोच नंबर. मी म्हटलं होतं ना, एकाला सांगितलं की सगळ्यांत फिरेल? फिरलं. शैलापर्यंत गेलं का, ते त्यांना ठाऊक नाही. मला नाही. कुणालाच नाही.

रवी, मघाशी पाणी प्यायला मी वर गेले होते. भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर काढून ओट्यावर ठेवलाय. तूच ठेवलास, सभेत वाजू नये म्हणून. तुझं चुकलं नाही. तुला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. तिच्या नावानं पाणी घेतलंस तेव्हा तू कोवळा होतास, मोठ्यांनी सांगितलं ते केलंस. आता तुझे केस पिकलेत. आता कुणाला विचारतोस?

जा. वर जा आणि तो रिसीव्हर जागेवर ठेव. ठेवून लगेच खाली यायची घाई करू नकोस. तिथंच थांब, खुर्ची आहे. आज वाजला, उद्या वाजला, कधीही वाजला, तर बोलू नकोस आधी. आई ऐकायची तसं ऐक. हॅलो म्हणण्यावरून कळेल तुला. आणि तीच असली तर सांग, आई गेली म्हणून. आणि सांग, आईनं पाणी डोक्यावरून घेतलं नव्हतं.

मंडळी, आता उभे राहा. फोटोला हात नंतर जोडा. कुसुमची गप्प राहायची एक रीत होती, तसे गप्प राहू या. खुर्च्या वाजवू नका. पोरांना जवळ घ्या. वरचं ऐकू आलं पाहिजे.

ठेवलास का रे, रवी?

हं. आता सगळे गप्प.