मिझुहोचं 'ताबुन'

ताझुए : 'ताबुन' म्हणालीस? तो बिचारा धीर करून विचारतोय, माझ्याबरोबर हाकोदातेला येशील का, आणि तू म्हणालीस, बहुतेक?

मिझुहो : मावशी, हळू. गिऱ्हाईक बसलंय.

ताझुए : त्याचं तोंड वाडग्यात आहे, कान कुठले इकडे. मग कोहेई काय म्हणाला?

मिझुहो : 'असं होय' म्हणाला. आणि तिकडच्या काचकारखान्यातल्या नव्या भट्टीबद्दल बोलत बसला. ती तापायला किती वेळ लागतो वगैरे.

ताझुए : दुसरं काय करेल? शेजारीण 'ताबुन येईन' म्हणाली, की मी तिचा वाडगा मांडतच नाही.

मिझुहो : माझ्या मनात शंभरातले पंच्याण्णव भाग 'हो'च होतं.

ताझुए : आणि उरलेले पाच?

मिझुहो : ते तुझ्यामुळे. एकटीनं दुकान कसं रेटशील?

ताझुए : माझ्यावर खापर फोडू नकोस. तू यायच्या आधीही लोक इथे जेवतच होते.

मिझुहो : मग काय म्हणायचं होतं? 'झेत्ताइ'? शंभर टक्के?

ताझुए : ते शाळकरी पोरं म्हणतात, नाहीतर पुढारी. तुझे काका म्हणाले होते, 'कित्तो', नक्की सुखात ठेवीन तुला.

मिझुहो : ठेवलं?

ताझुए : 'कित्तो' म्हणजे मनापासूनची इच्छा गं, हमी नव्हे. इच्छा मात्र शेवटपर्यंत टिकली त्यांची.

(दारावरचा पडदा सारून कोहेई आत येतो.)

कोहेई : ताझुएसान, एक वाडगा सोबा नूडल्स द्या. कांदा जास्त. उद्या सकाळच्या गाडीनं निघतोय, बहुधा.

ताझुए : हा एक बहुधावाला. तिकडे खोली मिळाली का?

कोहेई : दोन बघितल्यात. एक लहान, एकट्यापुरती. दुसरीत दोघांचं भागेल. खिडकीतून बंदर दिसतं.

ताझुए : घेतलीस कुठली?

कोहेई : मालकाला म्हटलंय, लहान घेईन... ताबुन.

मिझुहो : मोठीत सकाळचं ऊन येतं?

कोहेई : येत असावं.

मिझुहो : असावं म्हणजे? बघितलं नाहीस?

कोहेई : दुपारी गेलो होतो मी.

मिझुहो : लहान घेऊ नकोस. रविवारी मी येते.

कोहेई : खोली बघायला?

मिझुहो : आधी बघायला. मग राहायला.

कोहेई : नक्की?

मिझुहो : येते म्हटलं ना.