बुधर सरांच्या बत्तीस वह्या

मंडळी, वहिनी, आणि लांबून आलेल्या आमच्या मुलांनो,

आज शाळेचा व्हरांडा भरला आहे. जव्हारहून, सूर्यमाळच्या पाड्यांवरून, कुणी कामाच्या ठिकाणाहून रजा टाकून आलं आहे. सर गेले, त्यांच्यासाठी आला आहात. मला बोलायला सांगितलं, कारण या आश्रमशाळेत त्यांच्याबरोबर सगळ्यांत जास्त वर्षं मी काढली. मी वसतिगृहाचा अधीक्षक, ते इतिहासाचे शिक्षक. खरं तर मला बोलता येत नाही. पण आज बोललो नाही, तर पुन्हा कधी बोलणार नाही.

बुधर सर फ्रेंच राज्यक्रांती कशी शिकवायचे, हे तुम्हाला मी काय सांगू? तुमच्या हातांना आठवत असेल. पॅरिसच्या लोकांनी पाडला तो तुरुंगाचा किल्ला त्यांनी इथे, या मैदानात बांधून घेतला. कशाचा? कारवीच्या काठ्यांचा. आपण घराचा कूड बांधतो तसा. वरून माती आणि शेणाचा लेप. मी म्हटलं, "सर, फ्रान्समध्ये शेणानं सारवत असतील का हो?" ते म्हणाले, "भाऊ, तिथली भिंत कशी होती ते पोरांना ठाऊक नाही. पण भिंत बांधायला किती घाम लागतो, ते ठाऊक आहे. मग ती पाडताना काय वाटतं, तेही कळेल."

आणि कळलं. पाडायच्या दिवशी पोरं आधी नाचली, मग दोन मुली रडल्या. आपणच सारवलेली भिंत होती ना.

पाव महाग झाला म्हणून तिथल्या बायका राजाच्या दारात चालत गेल्या, हे सर सांगत होते. तेव्हा सुनीता उभी राहिली. ती आज इथे बसली आहे, जव्हारला नर्स आहे. ती म्हणाली, "सर, पाव नीही तं नागलीची भाकर खायाची. त्यात काय!" सगळा वर्ग हसला. सरही हसले. मग हळूच म्हणाले, "आणि नागलीच नसली तर, बाय?"

आपल्या भागात या प्रश्नावर कुणी हसत नाही.

आता मी ज्यासाठी उभा आहे, ते सांगतो.

त्या क्रांतीच्या आधी राजानं गावोगावच्या लोकांना आपापल्या तक्रारी लिहून पाठवायला सांगितलं होतं. सरांनी नववीच्या मुलांना तशा वह्या करायला लावल्या. जुन्या कॅलेंडरचे कागद, भाताची खळ, अंबाडीचा दोरा. बत्तीस मुलं, बत्तीस वह्या. प्रत्येकानं स्वतः शिवलेली. आणि सर म्हणाले, "आता यात फ्रान्सचं काही लिहू नका. आपलं लिहा. पुढच्या आठवड्यात मोठे साहेब शाळा बघायला येणार आहेत, त्यांच्या हातात देऊ."

पण साहेब येणार त्याच दिवशी सरांना जव्हारला बैठकीला बोलावलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी वह्यांचं गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, "तुम्ही द्या. मुलांना मी शब्द दिलाय."

ते गेल्यावर मी एक वही उघडली. एकच. वर लिहिलं होतं: "अधीक्षक सर जेवणाआधी लांब आरती म्हणतात. तोवर भात थंड होतो. देवाला गरम नैवेद्य आणि आम्हाला थंड भात."

मंडळी, मी वही मिटली. पुढच्या एकतीस वह्यांत माझ्याबद्दल काय असेल, या भीतीनं मी ती रात्र काढली. डाळ पातळ होती, हे मला ठाऊक होतं. मुलींच्या न्हाणीघराला कडी नव्हती, हेही ठाऊक होतं. साहेबांनी ते वाचलं असतं, तर?

मी त्या जाळू शकलो नाही. लिहिलेला कागद म्हणजे सरस्वती, पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. म्हणून मी काय केलं? फाटकं पंचांग, जुनी पोथी आपण पाण्यात सोडतो ना, तसं केलं. पहाटे आंघोळ करून गणपती बुडवतो त्या डोहावर गेलो. हात जोडले. आणि मुलांच्या वह्या सोडून आलो.

हात जोडून केलं म्हणून ते पाप कमी होतं का? तेव्हा मला वाटलं, होतं.

संध्याकाळी सर एसटीतून उतरले ते थेट माझ्याकडे. "दिल्या?" मी म्हटलं, "दिल्या, सर. साहेब घेऊन गेले." केवढे खूश झाले! तसेच मुलांकडे गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी आरती छोटी केली. तेवढंच केलं. ज्या मुलीनं ते लिहिलं, तिला कधी कळलं नाही की हे तिच्या वहीचं उत्तर आहे.

सरांनी साहेबांच्या ऑफिसात दोन पत्रं पाठवली. उत्तर कुठून येणार? वर्ष गेलं. मुलं विचारायची, "सर, आमचे वह्यांचा काय झाला?" सर म्हणायचे, "वाचतायत." पुढे पुढे मुलं हसायला लागली. मैदानात एकमेकांना चिडवायची, "थांब रं, साहेब वाचतोय!" सरांना ते ऐकू जायचं. मलाही.

पुढच्या वर्षी त्यांनी क्रांती पुस्तकातून शिकवली. दोन तासांत संपवली. मी विचारलं, "सर, यंदा किल्ला नाही?" ते म्हणाले, "त्या राजानं निदान वह्या मागवल्या तरी होत्या. मी पोरांना उगाच आशा लावली."

मी समोर उभा होतो, मंडळी. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो.

गेल्या महिन्यात दवाखान्यात भेटायला गेलो. दुपारची वेळ होती, वहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. ठरवून गेलो होतो, की आज सांगायचं. सरांनीच विषय काढला. म्हणाले, "भाऊ, त्या साहेबांचं नाव आठवतं का हो तुम्हाला? एकदा विचारून बघू या का?"

आणि मी म्हटलं, "नाही, सर. आठवत नाही."

वहिनी, सर उगाच आशा लावणारे नव्हते. त्यांनी दिलेला शब्द खरा होता, तो मी बुडवला. मुलांनो, तुम्ही ज्यांना हसलात, ते खोटं बोलत नव्हते. खोटं मी बोललो. हे त्यांच्या कानावर जायला हवं होतं. मी उशीर केला. आता निदान तुम्ही त्यांच्याबद्दल चुकीचं धरून घरी जाऊ नका.

मला माफ करा, असं मी म्हणणार नाही. माफ ज्यांनी करायचं ते गेले. मुलींच्या न्हाणीघराला आता कडी आहे, पण ती माझ्यामुळे लागली नाही. ज्याला मला काही बोलायचं असेल, त्यानं नंतर बोलावं, मी इथेच बसून आहे.

आधी सरांसाठी उभे राहू या. दोन मिनिटं. मी हात जोडणार नाही, नुसता उभा राहीन.