अण्णांच्या फ्लॅटचं इंटरनेट

शिवणकाम करणारी एक बाई इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात आपल्या नंबराची वाट बघत होती. काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक नव्या फ्लॅटसाठी कनेक्शन घेत होते.

“सगळ्यात स्वस्त द्या, साहेब. मी एकटा माणूस, बातम्या बघणार.”

“नाही हो, मोठा प्लॅन द्या. आणि राउटर पॅसेजमध्ये बसवा.”

“पॅसेजमध्ये कशाला?”

“सगळ्या खोल्यांत रेंज येते, अण्णा.”

“स्वयंपाकघरात काय भाजीला बातम्या ऐकवू? कुठंतरी पाणी मुरतंय. परवा वायरमन छताला भोकं पाडून गेला. दिवे लावायचेत म्हणालीस. कुठायत दिवे?”

“येतील.”

“माझ्याकडे बघून सांग. कॅमेरे ना?”

“अण्णा, तुम्ही बाथरूमच्या दारात तीन तास पडून होतात. मला साधा फोनसुद्धा केला नाहीत.”

वाट बघणाऱ्या बाईनं नजर हातातल्या नंबराच्या चिठ्ठीकडे वळवली.

“लिहा साहेब, मोठाच लिहा,” अण्णा काउंटरकडे वळून म्हणाले.

“रागावलात?”

“छे. फक्त एक कॅमेरा तुझ्याही स्वयंपाकघरात लागेल. जावई घर सोडून गेल्यापासून तू जेवतेस की नाही, ते मलाही बघायचंय.”