जावई भिंतीकडे तोंड करून होता

मी, मर्टल नुंगाराई, वय ५७ वर्षे, धंदा वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या जेवणघरात स्वयंपाक, राहणार मलगा वेल, नॉर्दर्न टेरिटरी, ऑस्ट्रेलिया, समक्ष विचारल्यावरून सांगते की, मयत हा माझ्या मुलीचा, कॉलीनचा नवरा होता. कॉलीन केस कापून शोकाच्या तळावर बसली आहे. आम्हा आदिवासींत विधवा शोक सरेपर्यंत बोलत नाही, त्यामुळे तिचा जबाब मिळणार नाही. पोलीस ठाण्यात त्याच्यासमोरच्या कोठडीत मीच होते, तेव्हा जे काय आहे ते मलाच सांगावं लागणार.

जबाब घेणारे सार्जंट फेन्विक यांनी मयताचं नाव सांगा असं मला पुन्हा पुन्हा विचारलं. आमच्यात मेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. सासू तर जावयाचं नाव तो जिवंत असतानाही घेत नाही. शेवटी नाव साहेबांनी स्वतःच घातलं. जावई आणि सासू एकमेकांकडे बघत नाहीत, बोलत नाहीत, एका छताखाली बसत नाहीत. हा आमच्यातला मान आहे. साहेबांनी त्याचं 'दोघांचे संबंध बिघडलेले होते' असं केलं होतं, ते मी खोडायला लावलं. इतक्या मानानं तुमच्याकडे कुणी कुणाला वागवत असेल तर मला तो माणूस बघायचा आहे.

शनिवारी दुपारी शेजारच्या वस्तीबरोबर फुटबॉलचा सामना होता. त्यात जावयाच्या डाव्या फासळीत समोरच्या खेळाडूचा गुडघा बसला. तो मैदानाबाहेर आला, झाडाखाली बसला, ओकला आणि पोट धरून, वाकून घराकडे निघाला. त्या वेळी कॉन्स्टेबल टल्लोक गाडी घेऊन आले आणि त्यांनी त्याला धरलं. गोरा माणूस वाकून चालला तर त्याला दुखत असतं, आमचा चालला तर तो प्यायलेला असतो, एवढं ज्ञान त्यांना नोकरीबरोबरच मिळालेलं असावं. त्यांनी त्याचं तोंड हुंगलंसुद्धा नाही.

मी दुकानासमोर उभी होते. त्याच्याकडे पाठ करूनच मी टल्लोक यांना सांगितलं की तो प्यायलेला नाही, त्याला मार लागला आहे, त्याला दवाखान्यात न्या. दवाखाना पोलीस ठाण्याच्या समोर आहे, मध्ये फक्त कच्चा रस्ता. टल्लोक म्हणाले, "ज्याची वकिली करतेस त्याच्याकडे बघ तरी आधी." मी वळले नाही. त्यावरून त्यांनी ठरवलं की मीसुद्धा प्यायले आहे आणि कामात अडथळा आणते आहे. मी आयुष्यात दारूला शिवलेली नाही. आम्हा दोघांना गाडीच्या एकाच पिंजऱ्यात घातलं. मला त्या क्षणी मेले असते तर बरं असं वाटलं. जावई गजांना तोंड लावून, माझ्याकडे पाठ करून कसाबसा उभा राहिला.

ठाण्यात समोरासमोरच्या दोन कोठड्या आहेत, मध्ये बोळ. एकीत त्याला ठेवलं, एकीत मला. मी नजरेस पडू नये म्हणून तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. मी पाठ फिरवून बसले. टल्लोक बाहेर टीव्हीवर फुटबॉल बघत होते. मध्यंतरात ते बोळात आले आणि म्हणाले, "बरा आहेस ना?" जावई "हो" म्हणाला. पोलिसाला "नाही" म्हणून आमच्यात कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. मग त्यानं पाणी मागितलं. टल्लोक हो म्हणाले आणि सामना बघायला गेले. पाणी आलं नाही. सरकारी पाहुणचार म्हणतात तो हा.

दिवे लागायच्या सुमारास जावई आमच्या भाषेत भिंतीशी बोलू लागला. सासूला थेट सांगता येत नाही तेव्हा कुत्र्याला नाहीतर झाडाला सांगतात आणि सासू ऐकते. लेकी बोले सुने लागे, तसंच. तो म्हणाला, "भिंती, त्या बाईला सांग, मला श्वास घेता येत नाही. खांदा फुटतोय. डॉक्टर बोलव म्हणावं." एवढ्या वेदनेतही त्यानं मान मोडला नाही.

मी गज वाजवून टल्लोक यांना ओरडून सांगितलं की तो मरतो आहे. ते दारातूनच म्हणाले, "ए आजी, गप्प बस. तो झोपलाय, त्याला झोपू दे." मी पुन्हा पुन्हा ओरडले. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मग भिंतीशी चाललेलं बोलणं थांबलं. मी वळले. त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला मोठ्यानं नावानं हाक मारली. कॉलीनच्या लग्नाला वीस वर्षं झाली, त्यात मी त्याला मारलेली ही पहिली हाक. तो वळला नाही. सामना संपल्यावर टल्लोक आले, त्याला पायानं ढोसलं आणि मग धावत सुटले. तेव्हा कुठे त्यांना समोरचा दवाखाना सापडला. पोटात रक्त साठून मेला असं डॉक्टर म्हणाल्या, आणि वेळेवर रस्ता ओलांडला असता तर, एवढं बोलून थांबल्या.

सार्जंट फेन्विक यांनी विचारलं की, "तुम्हीच सांगता त्याच्याकडे पाहिलं नाही, मग तो झोपलेला नव्हता हे कशावरून? कॉन्स्टेबल तर वेळोवेळी पाहत होते." माझं उत्तर असं की, झोपलेला माणूस डॉक्टर मागत नाही. बघून ज्याला एवढंही कळलं नाही त्याच्या डोळ्यांचं साहेबांनी कौतुक करू नये.

जबाब मला वाचून दाखवला तेव्हा त्यात 'मयत शांत झोपलेला होता' असं होतं. ते काढेपर्यंत मी सही करणार नाही म्हटलं. साहेबांचा चहा निवला, पण ते काढलं. पुन्हा वाचायला लावलं. आता जे आहे ते माझ्या तोंडचं आहे.

आणखी सांगते की, जावयाकडे पाहून आणि त्याला नावानं हाक मारून मी आमचा कायदा मोडला आहे. उद्या मी त्याच्या भावांसमोर जाऊन बसणार आहे. ते देतील ती शिक्षा डोकं खाली घालून घेईन. टल्लोक यांनी तुमचा कायदा मोडला, ते कुणासमोर जाऊन बसणार, असं मी सार्जंट फेन्विक यांना विचारलं. ते म्हणाले की हा प्रश्न जबाबात येत नाही. मी म्हटलं, येऊ द्या. सही त्याच्याच खाली करते आहे.