जात्यांची भिंत

शिवबाई : त्या भोकात बोट घालू नका, मॅडम.

ऋतुजा : का? विंचू आहे का आत?

शिवबाई : इच्चू न्हाय. घास हाय.

ऋतुजा : मावशी, मस्करी नको. मी सोलापुराहून इमारत तपासायला आलेय. आधीच्या साहेबांनी लिहून ठेवलंय, 'भिंतीला ठिकठिकाणी गोल भोके, इमारत धोकादायक.' मी सही केली की सोमवारी जेसीबी येणार. तुमच्या अंगणवाडीची पस्तीस पोरं इथं बसतात. उद्या एखादा दगड निखळला तर?

शिवबाई : बारा वरसं मी हितं मदतनीस हाय. खिचडी शिजवते, नाकं पुसते. मला काळजी न्हाय व्हय लेकरांची? पर ते साहेब गाडीतनं खाली तरी उतरले का, इचारा की.

ऋतुजा : मग तुम्हीच सांगा, ही भोकं कशाची? उंदीर काही इतकं गोल कोरत नाही.

शिवबाई : लई थर बसलाय चुन्याचा. ह्यो वला फडका घ्या. हितं पुसा. आन् जोर लावा, जेवला न्हाय का सकाळी?

ऋतुजा : लावतेय हो... गोल दगड आहे. मधे हे भोक, कडेला आणखी एक बारकं... अगं बाई! हे जातं आहे?

शिवबाई : वरची तळी. मधलं तोंड, कडंचं खुट्याचं.

ऋतुजा : आणि ते? आणि ते वरचं?

शिवबाई : समदी जातीच की. वेशीच्या आतल्या घरांची, भायेरच्या घरांची, एका भितीत. कंचं कुणाचं, बाया सांगत्यात. दगडाला काय ठावं!

ऋतुजा : पण जातं भिंतीत कोण घालतं?

शिवबाई : बायांनीच दिली. सासू सांगायची, तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. लई थोरला दुष्काळ पडला. दाणा न्हाय, तर दळायचं काय? पहाटं बाया उठायच्या आन् नुसत्या जात्याम्होरं बसायच्या. लेकरांना वाटावं, आई दळतीया. कैक लेकरं त्या आशेवरच गेली.

ऋतुजा : बापरे...

शिवबाई : दुष्काळ हटला तवा गावानं ठरवलं, पुन्यांदा असं न्हाय. धान्याचं कोठार बांधायचं. त्येच ह्ये. दगड कमी पडाय लागला. बाया म्हनल्या, आमची जाती घ्या. लेकरांना घास देऊ शकली न्हाईत, आता दाण्याची राखण तरी करतील. आळीपाळीनं दळायला चारच मागं ठिवली.

ऋतुजा : मावशी, आम्ही सोलापुरात पिठाची पिशवी आणतो, आणि... त्या घासाचं काय ते?

शिवबाई : सुगीला नवी ज्वारी आली की पयली मूठ आपापल्या जात्याच्या तोंडात. मग घरात भाकरी. चिमण्या खाऊन जात्यात, जाऊ द्या. तोंड रिकामं ठिवायचं न्हाय.

ऋतुजा : थांबा. गोष्टीवर माझं मन बसलंय, पण सही गोष्टीवर करता येत नाही. ती हातोडी द्या.

(ऋतुजा एकेक दगड ठोकत भिंतीच्या टोकापर्यंत जाते, ओळंबा सोडते, वर छताच्या तुळया पाहते, परत येते.)

शिवबाई : काय म्हनती भित?

ऋतुजा : खणखणीत आहे. ओळंब्यातून बोटभरसुद्धा सुटलेली नाही. ज्यांनी बांधली त्यांच्या हातांना नमस्कार! छताच्या दोन तुळया कुजल्यात, त्या बदलेपर्यंत पोरांना देवळात बसवा. 'धोकादायक' मी खोडतेय.

शिवबाई : वरचे रागावतील की तुमाला.

ऋतुजा : रागावतील. नोकरीला सहाच महिने झालेत माझ्या. बघू. मावशी, दाराजवळचं ते जातं, त्यात मात्र एकही दाणा नाही.

शिवबाई : त्या घरातलं कुनी वाचलंच न्हाय. जातं तेवढं ऱ्हायलं. त्येला पावण्यानं घालायचं असतं. सुगी झाल्यावर गावात जो पयला नवा माणूस यील, त्येनं.

ऋतुजा : मग यंदा?

शिवबाई : औंदा ते साहेबच आलते पयले. काच बी खाली केली न्हाय त्येनी.

ऋतुजा : हे कागद धरा जरा. ज्वारी आहे का जवळ?

शिवबाई : पदरात बांधूनच आले हुते. गाडीतनं उतरणारं माणूस दिसलं तवाच. घ्या, मूठ भरून घ्या... आसं न्हाय, बाय. हळू. उपाशी माणसाला एकदम घालू न्हाय.