हात परत आलेला रोबो

शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले होते, म्हणून त्या दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी कोण आहे ते दिसत नव्हतं. ऐकू मात्र अगदी स्वच्छ येत होतं.

"पंधरा दिवस झाले, चिमणे. आजोबाशी अजून कट्टीच?"

"माझा रोबो भंगारात दिलात तुम्ही."

"एक हात नव्हता गं त्याला. मला वाटलं, मोडका आहे."

"मालिकेत तो लढाईत तुटतो! मीच मुद्दाम काढून ठेवला होता."

"आता कळलं ना. तुझी ती जपानी मालिका बघितली मी. सव्वीसच्या सव्वीस भाग."

"तुम्ही? कार्टून?"

"तर! काय गुणाची गोष्ट आहे! आधी सगळी राखरांगोळी, बघवत नाही. मग पडलेले रोबो एकेक करून उभे राहतात, तुझ्या रोबोचा हात परत येतो, मेलेला कप्तान हसत समोर! आणि शेवटी सगळी पोरं आपापल्या घरी, आईच्या हातचं जेवताहेत. लढाईचं नावसुद्धा नाही. मी तर हातच जोडले गं."

"आजोबा, पहिला कुठला भाग लावलात?"

"यादीत सगळ्यात वर होता तो. सव्वीस नंबरचा. मग तिथून एकेक खाली."

बाईंनी हसू रुमालात दाबलं.

"अहो, मग ती तर..." पोरगीनं वाक्य अर्धवटच सोडलं.

"का गं? पुन्हा काही चुकलं का माझं?"

"नाही. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, की माझ्याबरोबर बघाल?"

"बघेन की. कुठून लावायची?"

"सव्वीसपासून."